गोंदलेल्या हाताने ओन्सेनमध्ये: किनोसाकीचा अनुभव

ज्यांच्या आईच्या, सासूच्या किंवा आजीच्या हातावर गोंदण आहे आणि ज्यांना तिला एकदा तरी जपानमधील ओन्सेनमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यात, निवांत बसवायचे आहे, त्यांनी इतर कुठे चौकशी करत न बसता किनोसाकीला जावे, हे मी आधीच सांगून टाकते. ह्योगो प्रांताच्या उत्तर टोकाला, समुद्रापासून थोड्याच अंतरावर, तोयोओका शहराच्या हद्दीत हे लहानसे गाव आहे आणि ओसाकाहून ‘कोउनोतोरी’ नावाची एक्सप्रेस साधारण पावणेतीन तासांत तिथे पोहोचवते. गावात सात सार्वजनिक स्नानगृहे आहेत. सातही ठिकाणी, अंगावर टॅटू असला तरी तो न झाकता, कुणाची परवानगी न मागता पाण्यात उतरता येते. जपानमध्ये ही गोष्ट किती दुर्मीळ आहे, हे मला किनोसाकीला जाण्याच्या महिनाभर आधी कळले.

माझी आई सांगोला तालुक्यातील एका खेड्यात वाढली. आता तिचे वय एकाहत्तर आहे. दोन भुवयांच्या मध्ये एक ठिपका, हनुवटीवर एक ठिपका, उजव्या हाताच्या आतल्या बाजूला मनगटापासून वीतभर उंच तुळशीवृंदावन आणि त्याच्या पायथ्याशी धाकट्या भावाचे नाव, असे तिचे गोंदण आहे. नाव ‘दत्तू’ आहे, पण गोंदणारणीने शेवटचा उकार ऱ्हस्व काढला, आणि मामा आजही आईला ‘माझं नाव आयुष्यभरासाठी चुकवलंस’ म्हणून चिडवतो. गावच्या जत्रेत, वयाच्या नवव्या वर्षी, आजीने तिला मांडीवर दाबून धरले होते. दोऱ्याने एकत्र बांधलेल्या सुया, वाटीत कालवलेली काजळी, टोचताना पोरीचे लक्ष दुसरीकडे जावे म्हणून गोंदणारीण म्हणत असलेले गाणे आणि शेवटी वरून चोळलेली हळद एवढे तिला स्पष्ट आठवते. गाण्याचे शब्द मात्र एकही आठवत नाहीत, कारण आपण मोठमोठ्याने रडत होतो, असे ती सांगते.

गेल्या ऑक्टोबरमध्ये आई-बाबा ओसाकाला माझ्याकडे आले, तेव्हा मी तिला आमच्या उपनगरातील एका मोठ्या स्नानगृहात नेले. दारावर टॅटूबंदीची पाटी होती आणि ती मला वाचताही आली होती, पण त्या पाटीचा माझ्या आईशी काही संबंध असेल असे माझ्या मनातही आले नाही. पैसे भरून झाले, पादत्राणे कपाटात ठेवून झाली, आणि आईने बाही सावरताच काउंटरवरील तरुण मुलीने अत्यंत नम्रपणे दोन्ही हातांची फुली करून दाखवली. कपाळावरचा आणि हनुवटीवरचा ठिपका तिला बहुधा तीळ वाटला असावा. अडचण झाली ती तुळशीची. मी समजावून सांगितले, व्यवस्थापक आले, त्यांनी तीन वेळा वाकून क्षमा मागितली आणि पैसे परत दिले. जपानमध्ये टॅटूचा संबंध याकुझा या गुन्हेगारी टोळ्यांशी जोडला जातो, हे परतीच्या वाटेवर आईला सांगितले, तेव्हा गळ्यातील तुळशीची माळ चाचपत तिने विचारले, “म्हणजे मी दरोडेखोर दिसते का गं?”

अशा प्रसंगांसाठी औषधांच्या दुकानात एक वस्तू मिळते, तिच्याविषयीही याच ओघात लिहिते. कातडीच्या रंगाचा, कागदासारखा पातळ, पाण्याने न सुटणारा चिकट तुकडा टॅटूवर लावायचा आणि मग आत जायचे, अशी ती सोय आहे आणि काही स्नानगृहे तेवढ्यावर समाधान मानतात. मी एक पाकीट आणले. त्यातील सर्वांत गडद छटा आईच्या हातावर लावली तेव्हा जणू भाजलेल्या भाकरीवर कच्च्या पिठाचा गोळा ठेवल्यासारखा तो तुकडा दुरूनही उठून दिसू लागला. चिकटपणाविषयी तक्रार नाही. अर्धा तास गरम पाण्यात राहूनही कडा उचलल्या गेल्या नाहीत, हे मी घरच्या टबात तपासले. पण ‘कातडीचा रंग’ म्हणजे कुणाच्या कातडीचा, याचा विचार ही वस्तू बनवणाऱ्याने फार दूरवर केलेला दिसत नाही, शिवाय वीतभर उंच वृंदावनाला चार तुकडे लागतात. भारतीय वर्णाच्या माणसाने यावर पैसे घालवू नयेत.

टॅटूबंदीच्या त्या पाटीमागे मोठा इतिहास आहे. एदो काळात, १७२० च्या सुमारास, चोरीसारख्या गुन्ह्यांसाठी दंडावर रेघा गोंदण्याची शिक्षा सुरू झाली आणि त्यामुळे गोंदलेला हात म्हणजे गुन्हेगाराचा हात, हे समीकरण याकुझांच्या आधीच रुजले. त्याच काळात अग्निशामक, सुतार, पालखी वाहणारे भोई पाठभर ड्रॅगन आणि मासे गोंदवून हिंडत असत आणि १८२७ पासून कुनियोशी या चित्रकाराने काढलेल्या गोंदलेल्या वीरांच्या छापचित्रांनी तर त्याची हौसच निर्माण केली. पुढे सत्तेवर आलेल्या मेइजी सरकारला पाश्चात्त्यांसमोर आपण मागासलेले दिसू नये याची चिंता लागली आणि १८७२ मध्ये गोंदण्यावर सरसकट बंदी आली. ती उठली १९४८ मध्ये. पाऊणशे वर्षे जी कला चोरून करावी लागली, ती चोरून वावरणाऱ्यांच्याच अंगावर अधिक टिकली, यात नवल नाही.

अशा बंदीने खरे नुकसान केले ते बायकांचे, आणि त्यांची गोष्ट मला पाठीवरच्या ड्रॅगनपेक्षा फार महत्त्वाची वाटते. जपानच्या उत्तर टोकाच्या होक्काइदो बेटावरील आइनू या मूळ रहिवासी जमातीच्या स्त्रिया बर्च झाडाची साल जाळून काढलेल्या काजळीने ओठांभोवती गोंदवून घेत. लहानपणी सुरुवात होई आणि लग्नापर्यंत ते पूर्ण होई. दक्षिण टोकाच्या ओकिनावा बेटांवर हाताच्या पंजांवर आणि बोटांवर ‘हाजिची’ नावाचे गोंदण असे. आइनूंवर १८७१ मध्ये आणि ओकिनावात १८९९ मध्ये बंदी आली. दोन्हीकडच्या स्त्रियांची समजूत अशी होती की, गोंदण नसेल तर मेल्यानंतर आपल्या पूर्वजांमध्ये जागा मिळत नाही. मी हे आईला वाचून दाखवले, तेव्हा ती मुळीच चकित झाली नाही. “वर गेल्यावर सोनं-नाणं काढून घेतात, हे तेवढं राहतं, असं आमची आईसुद्धा म्हणायची,” एवढेच ती म्हणाली आणि शेंगा सोलत राहिली. होक्काइदो, ओकिनावा आणि सांगोला यांच्यातले अंतर पाहता मला मात्र त्या रात्री बराच वेळ झोप आली नाही.

आमच्याकडे कायद्याने कुणी बंदी घातली नाही; ते काम शाळेने आणि शहराने केले. बाबांना पिंपरीत कारखान्यात नोकरी लागली आणि आई शहरात आली, तेव्हा चाळीतल्या बायका तिच्या हनुवटीकडे पाहून हसत असत, म्हणून तिथे ती पावडर लावू लागली. माझ्या शाळेत पालकसभेला येताना ती उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा ब्लाउज घाली. मला त्याचे तेव्हा बरेच वाटे, हेही इथे कबूल केले पाहिजे. आता माझी भाची पुण्यात एका स्टुडिओत जाऊन आजीच्याच तुळशीची नक्कल आपल्या हातावर काढून घ्यायची म्हणते आणि त्यासाठी काही हजार रुपये मोजायला तयार आहे. नावातला ऱ्हस्व उकारही तसाच ठेवायचा, असा तिचा हट्ट आहे.

आता किनोसाकीविषयी. जपानच्या सरकारी पर्यटन संस्थेने २०१५ मध्ये देशभर केलेल्या पाहणीत जवळजवळ सहाशे हॉटेले आणि सरायांपैकी ५६ टक्के ठिकाणी टॅटू असलेल्यांना स्नानाची मनाई असल्याचे आढळले होते आणि १३ टक्के ठिकाणी तो झाकण्याची अट होती. त्याच्या दोन वर्षे आधी, आइनू भाषेसंबंधीच्या एका परिषदेसाठी न्यूझीलंडहून आलेल्या माओरी विदुषीला चेहऱ्यावरील पारंपरिक गोंदणामुळे होक्काइदोत स्नानगृहाच्या दारातून परत फिरावे लागले होते आणि त्यावरून बराच गहजबही झाला होता. अशा देशात एक अख्खे गाव हा प्रश्नच विचारत नाही, याचे कारण मला त्या गावाच्या घडणीत दिसते. ही सात स्नानगृहे कोणा हॉटेलवाल्याची नसून गावाच्या सामाईक मालकीची आहेत. स्टेशन म्हणजे प्रवेशद्वार, रस्ते म्हणजे व्हरांडे, सराया म्हणजे खोल्या आणि स्नानगृहे म्हणजे न्हाणीघर. सगळे गाव मिळून एकच सराई, असे इथले लोक म्हणतात. एका सराईने आपल्यापुरते स्वतंत्र स्नानगृह काढले, तेव्हा गावाने तिच्याशी १९२७ ते १९५० एवढी वर्षे कोर्टकज्जा केला, यावरून ही भावना किती खोल आहे ते समजावे. जे पाणी सगळ्यांचे आहे, त्याच्या काठावर उभे राहून हात तपासणारा रखवालदार तिथे सुचतच नसावा.

सरायीत उतरलेल्या पाहुण्याला सातही स्नानगृहांचा मोफत पास मिळतो. मुक्काम न करणाऱ्याला पैसे भरावे लागतात आणि एका स्नानगृहासाठी ते हजार येनच्या आत असतात. एका रात्रीसाठी का होईना, मुक्काम करणेच सोयीचे आहे, आम्ही दोन रात्री राहिलो. प्रत्येक स्नानगृहाचा आठवड्यातून एक दिवस सुटीचा असतो, तो आधी पाहून ठेवावा. सरायीत मिळणारा युकाता, म्हणजे सुती झगा, अंगावर आणि लाकडी गेता पायांत घालून लोक ओतानी नदीच्या काठाने, विलोच्या झाडांखालून या स्नानगृहातून त्या स्नानगृहात खडखड करत हिंडत असतात. आईने साडीवरून युकाता नेसला, बाबांनी विजारीवरून. कुणीही हटकले नाही. गेता मात्र साठी ओलांडलेल्यांना देऊ नयेत. ओल्या दगडी पुलावर आई दोनदा घसरली आणि नंतर तिने स्वतःच्या चपला घातल्या.

टॅटूची अडचण अशी सुटल्यावर त्याहून मोठी अडचण समोर आली. ओन्सेनमध्ये अंगावर सूतभरही कपडा चालत नाही. जन्मभर माण नदीच्या डोहात लुगड्यासकट आणि आषाढीला चंद्रभागेत साडीसकट अंघोळ केलेल्या बाईला, परक्या बायकांसमोर विवस्त्र व्हायचे म्हणजे काय, याची कल्पना मला इतक्या वर्षांच्या जपानी वास्तव्यामुळे राहिली नव्हती. पहिल्या संध्याकाळी ती स्टेशनजवळच्या मोफत पाऊलकुंडात पाय सोडून बसली आणि ‘एवढं पुरे’ म्हणाली. ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी सुरुवात तिथूनच करावी, असे मी सुचवीन.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता, दारे उघडताच, आम्ही मान्दारा-यु या स्नानगृहात गेलो. आठव्या शतकात दोची नावाच्या भिक्षूने हजार दिवस मंत्रपठण केले आणि ७२० मध्ये इथे झरा फुटला, अशी आख्यायिका आहे, आणि ‘मान्दारा’ हा शब्द म्हणजे आपला संस्कृत ‘मंडल’. हे ऐकल्यावर आईला त्या पाण्याविषयी एकदम आपलेपणा वाटू लागला, त्याचा मी पुरेपूर फायदा घेतला. काउंटरवरील बाईंनी पासाची खूण यंत्राला दाखवली, आईच्या उघड्या हाताकडे एक नजर टाकली आणि टॉवेल हवा का, एवढेच विचारले. आत बुटक्या स्टुलावर बसून आधी सर्वांग साबणाने धुवायचे असते. हा नियम आईला फार आवडला, कारण पाण्यात उतरण्याआधी पाय न धुणाऱ्यांविषयी तिची जुनी तक्रार आहे. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नसतो, म्हणून तो घडी करून डोक्यावर ठेवतात. त्या वेळी आत दोनच म्हाताऱ्या होत्या. आईने डोळे मिटले, मनात काहीतरी म्हटले आणि कुंडात उतरली.

पाणी ४२ अंशांच्या आसपास असते, म्हणजे आपल्या बंबातल्या पाण्याएवढे कडक. पहिली दोन मिनिटे कातडी चुरचुरते, मग सांधे सुटल्यासारखे वाटते. चव खारट आहे आणि गंधकाचा कुजका वास अजिबात नाही. रक्तदाब असलेल्यांनी दहा मिनिटांवर बसू नये. पाण्याखाली, वाफेतून, आईच्या हातावरची तुळस मला पहिल्यांदाच हिरवी दिसली. काजळीचा रंग कातडीत मुरून हिरवट निळा होतो हे ठाऊक होते, पण ओल्या कातडीवर वृंदावनाची प्रत्येक पायरी, पानांचे एकेक टोक आणि एका कोपऱ्यात सुई घसरून उमटलेला फालतू ठिपका इतका स्पष्ट दिसत होता की, बासष्ट वर्षे ते माझ्या आजीच्या मांडीवरच राहिले असावे.

त्यानंतर आई जी सुटली, ती थांबेना. त्याच दुपारी कोउनो-यु, जिथे जखमी करकोचा पाय बुडवून बरा झाला अशी कथा आहे आणि जिथे बागेत उघड्यावर कुंड आहे. संध्याकाळी इचिनो-यु, जिथे खडक कोरून गुहा केली आहे. रात्री जेवणानंतर गोशोनो-यु, जिथे समोर डोंगर आणि पडणारे पाणी दिसते. मला स्वतःला यांपैकी कोउनो-यु सर्वांत आवडले. गोशोनो-यु देखणे आहे, पण शनिवारी रात्री तिथे गर्दीमुळे पाण्यापेक्षा माणसेच जास्त होती.

गुहेच्या कुंडात एक कोरियन तरुणी भेटली. तिच्या दोन्ही दंडांवर बारीक रेषांत काढलेली फुले होती. ती आईच्या हाताकडे पाहत राहिली आणि मग मोडक्या जपानीत तिने मला विचारले, हे कोणत्या कलाकाराने केले. मी सांगितले, जत्रेतल्या एका बाईने. तिने आपल्या फुलांकडे बोट दाखवून सांगितले की, हे सोलमध्ये एका घराच्या तळघरात, दारावर पाटी नसलेल्या खोलीत काढून घेतले. दक्षिण कोरियात १९९२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने गोंदणे हे वैद्यकीय काम ठरले होते आणि डॉक्टर नसलेल्याने ते करणे गुन्हा होता. तिथल्या टीव्हीवर गायकांच्या अंगावरचे टॅटू धूसर केलेले आपण सर्वांनी पाहिले आहेत. गोंदणाऱ्यांना परवाना देणारा कायदा तिथल्या संसदेने अखेर सप्टेंबर २०२५ मध्ये मंजूर केला आणि तो त्यानंतर दोन वर्षांनी अमलात आणायचे ठरले. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने हाच प्रश्न २०२० मध्ये, ओसाकातील एका गोंदणाऱ्याच्या खटल्यात, उलट बाजूने निकालात काढला होता. आईला या सगळ्यातले तळघर तेवढे समजले. “डॉक्टर कशाला लागतो? हळद लावायची,” असे तिने मराठीतच त्या मुलीला सांगितले आणि मीही त्याचे भाषांतर केले नाही, कारण दोघी तोवर एकमेकींचे हात धरून ठिपके मोजत होत्या.

उणिवा सांगितल्याच पाहिजेत, आणि त्यात पहिली जेवणाची आहे. नोव्हेंबर ते मार्च हा इथे खेकड्यांचा हंगाम असतो आणि गावात दुसरे काही शिजत असेल अशी शंकाही येत नाही. माळकरी माणसाला हे फार जड जाते. आम्ही उतरलो त्या सरायीला मी आरक्षण करताना ‘शाकाहारी, माशाचा रस्साही नको’ असे जपानीत लिहून कळवले होते, त्यांनी होकारही दिला होता. तरी पहिल्या रात्री समोर आलेल्या सूपमध्ये, भाज्यांच्या उकडीत आणि टोफूवरच्या रसातसुद्धा सुकवलेल्या माशाचे पाणी होते. विचारल्यावर स्वयंपाक्याने प्रामाणिकपणे ते मान्य केले आणि पांढरा भात, लोणची व कच्चा टोफू आणून दिला. दर पाहता हे अक्षम्य आहे. दुसऱ्या दिवशी आम्ही घरून नेलेल्या मेतकुटावर आणि शेंगदाण्याच्या चटणीवर भागवले. बाबा अंडी खातात, त्यांनी रोपवेच्या पायथ्याशी झऱ्याच्या पाण्यात जाळीची पिशवी सोडून स्वतःच्या हाताने उकडलेल्या अंड्यांवर दोन दिवस आनंदाने काढले.

दुसरी उणीव अशी की, टॅटू चालतो ही गोष्ट गावाच्या परदेशी पाहुण्यांसाठीच्या माहितीत ठळक दिलेली आहे, पण ती या सात सार्वजनिक स्नानगृहांपुरती. सरायांच्या आतील लहान स्नानगृहांचे नियम ज्याचे त्याचे असू शकतात, तेव्हा ते आरक्षण करतानाच विचारून घ्यावेत. तिसरी, काही स्नानगृहांत कुंडात उतरण्याच्या पायऱ्या उंच आहेत आणि धरायला कठडा एकाच बाजूला आहे. गुडघे दुखणाऱ्यांसोबत एक धडधाकट माणूस आत हवाच, आणि तो त्याच लिंगाचा हवा. बाबा पुरुषांच्या विभागात एकटे होते, त्यांना एका अनोळखी आजोबांनी हात दिला.

परत आल्यावर आईने मावशीला व्हिडिओवरून सगळे सांगितले, विवस्त्र होण्याचा भाग वगळून. मावशीच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण आहे, त्यात विंचू, मोर आणि दोन भावांची नावे आहेत, आणि पुढल्या वर्षी ती यायची म्हणते. तेव्हा पुन्हा किनोसाकीच, मात्र खेकड्यांचा हंगाम टाळून एप्रिलमध्ये, सराई दुसरी, आणि मेतकूट दुप्पट.